फाईलमधला तो कागद आधी वाच

वाचकांचे प्रश्न : परदेश आणि कागदपत्रे

प्रश्न : ताई, नमस्कार. माझं माहेर फोंड्याला, सासर म्हार्दोळला. बी.कॉम. झाल्यावर सहा वर्षं फोंड्यातल्या एका पतसंस्थेत कर्जविभागात होते. नवऱ्याच्या आजोबांचा जन्म पोर्तुगीज अमदानीतला, त्यामुळे त्याच्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे. तीन वर्षांपासून तो डब्लिनला एका गोदामात कामाला आहे. मी मार्चमध्ये इकडे आले आणि एप्रिलमध्ये आम्ही माझ्या निवासकार्डासाठी ईयूटीआर-१ हा अर्ज पाठवला. त्याची पोच म्हणून एक पत्र आलं, ते नवऱ्याने फाईलमध्ये लावून ठेवलंय. टाला भागात एका घरात आम्ही पाच गोंयकार राहतो. सगळे सांगतात, कार्ड येईपर्यंत काम करता येत नाही, आणि कार्डाला सहा महिने लागतात. इथल्या एका रेस्टॉरंटवाल्याने तासाला आठ युरो रोख देतो म्हणून सांगितलंय. भांडी, भाजी चिरणं आणि फोनवर ऑर्डरी घेणं. नवरा म्हणतो नको. सासूबाई दर रविवारी फोनवर विचारतात, "अजून घरातच?" बसून बसून वीट आलाय. आठ युरो घेऊ का? आणि चतुर्थीला आठ दिवस घरी येऊन गेले तर चालेल का?
— म., सध्या डब्लिन

उत्तर : बाये, रेस्टॉरंटवाल्याला हो-नाही कळवायच्या आधी ऊठ आणि ते पत्र फाईलमधून काढ. पहिला परिच्छेद सोडून दे, त्यात तुमचा अर्ज मिळाला एवढंच असणार. खाली वाच. 'टेम्पररी परमिशन' आणि 'स्टॅम्प ४' हे शब्द कुठे आहेत का बघ. मला वाटतं, असतील. असले तर ती नुसती पोच नव्हे. अर्जाचा निकाल लागेपर्यंत तिथे राहायची आणि काम करायची ती परवानगी आहे, आणि ती इतके दिवस तुमच्या फाईलमध्ये वीजबिलाच्या मागे पडून आहे.

एवढ्या खात्रीने सांगते, कारण हाच पराक्रम मी केलेला आहे. २०११ साली मी स्विंडनला गेले, अशीच नवऱ्याच्या पोर्तुगीज पासपोर्टामागून. तेव्हा ब्रिटन युरोपीय संघात होतं. अर्ज केला, काही आठवड्यांनी होम ऑफिसचं पत्र आलं, 'सर्टिफिकेट ऑफ ॲप्लिकेशन' असं डोक्यावर लिहिलेलं. मी वरच्या चार ओळी वाचल्या, देवापुढे ठेवलं, मग ट्रंकेत लग्नाच्या शालूखाली. मला काम करता येतं, आणि मालकाला खात्री करून घ्यायची असेल तर त्याने एम्प्लॉयर चेकिंग सर्व्हिसकडे विचारणा करावी, हे खाली छापलेलं होतं. ते मला कळलं पाच महिन्यांनी, पहाटे साडेचारच्या बसथांब्यावर, कुंकळ्ळीच्या एका बाईकडून. तिने मला असं काही झापलं की त्या थंडीत घाम फुटला.

त्या पाच महिन्यांतले तीन आठवडे मी एका हॉटेलच्या मागच्या खोलीत कांदे सोलले. पगार रोख, पाकिटात. तिसऱ्या आठवड्याचं पाकीट अजून यायचंय. मागायला गेले तर मालक हसून म्हणाला, "तक्रार करणार कुणाकडे?" आणि मला खरोखर वाटलं की चोरी मीच केली आहे, म्हणून गुपचूप घरी आले. माझा हक्क त्या वेळी शालूखाली घडी घालून ठेवलेला होता.

आता तुझ्या आयर्लंडचं सांगते. तुझा नवरा तिथे नोकरी करतो ती युरोपीय संघाचा नागरिक म्हणून. संघाचा २००४ सालचा एक निर्देश आहे, क्रमांक २००४/३८. दुसऱ्या सदस्य देशात जाऊन काम करणाऱ्या नागरिकाबरोबर त्याची बायको किंवा तिचा नवरा राहत असेल, तर ती व्यक्ती भारताची असो नाहीतर ब्राझीलची, तिलाही नोकरी करता येते, हे त्याच्या २३व्या कलमात आहे. २५वं कलम त्याच्याही पुढे जातं : कार्ड हातात नाही एवढ्या कारणावरून हा हक्क अडवायचा नाही. म्हणजे हक्क येतो तुमच्या लग्नातून आणि नवऱ्याच्या तिथल्या कामातून. कार्ड हा त्याचा पुरावा. आयर्लंडने हे सगळं २०१५ च्या आपल्या नियमांत उतरवून घेतलंय. पण नोकरीला घेणाऱ्या कंपनीतली एचआरची मुलगी काही निर्देश वाचत बसत नाही. ती म्हणते, कार्ड दाखवा. त्यात तिचं चुकत नाही, कागद न बघता कुणाला ठेवलं तर उद्या तिची मान अडकते. म्हणूनच हा तात्पुरता स्टॅम्प ४ असतो.

पत्रात ते शब्द सापडले की नोंदणीची वेळ ऑनलाइन ठरवून घे. डब्लिनवाल्यांना बर्ग की इथल्या कार्यालयात जावं लागतं. पासपोर्ट आणि मूळ पत्र ने. तिथे फोटो आणि बोटांचे ठसे घेतात आणि मग आयआरपी, म्हणजे तिथल्या निवासनोंदणीचं, कार्ड टपालाने घरी येतं. त्या कार्डावर स्टॅम्प ४ असेल आणि मुदत थोडी असेल. मुदत बघून घाबरू नको. अर्ज मंजूर झाला की मोठ्या मुदतीचं येतं, सहसा पाच वर्षांचं.

समजा पत्रात ते शब्द नाहीत. मग अर्जात काहीतरी कमी पडलंय, आणि काय कमी ते सांगणारी यादी त्याच पत्रात असेल. आपल्या लोकांचं अडतं ते ठरलेल्या जागी अडतं. नवऱ्याचा करार जोडलेला असतो पण अलीकडच्या पगारचिठ्ठ्या नसतात. तो तिथे आत्ता कामाला आहे, हाच तुमच्या अर्जाचा कणा, त्यामुळे जुन्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काही कामाचा नाही. दुसरं, पत्ता. पाच जणांच्या घरात भाडेकरार एकाच्या नावावर, विजेचं बिल दुसऱ्याच्या, आणि तुझ्या नावाचा कागद एकही नाही. घरमालकाकडून तुम्हा दोघांची नावं घातलेलं पत्र घ्या आणि बँकेचं पत्र तरी तुझ्या नावाने त्या पत्त्यावर येईल असं बघ. हे पुढे पीपीएस क्रमांकालाही, म्हणजे कर आणि पगारासाठी लागणाऱ्या तिकडच्या वैयक्तिक क्रमांकालाही, लागणार आहे.

आणि तिसरं, नाव. यात आम्ही गोंयकार जगात पहिले. आजोबांच्या जन्मदाखल्यावर 'पोरोबो', बापाच्या शाळेच्या दाखल्यावर 'प्रभू', नातवाच्या पासपोर्टावर पुन्हा 'पोरोबो', आणि सुनेच्या आधार कार्डावर 'प्रभू' किंवा थेट गावाचं आडनाव. कामतांचे 'कामोतीं' होतात, नाईकांच्या शेवटी पोर्तुगीजांनी क्यू-यू-ई लावून ठेवलेलं असतं. आपल्याला यात काही खटकत नाही, आपण घराणं ओळखतो. तिकडचा अधिकारी घराणं ओळखत नाही, त्याच्या टेबलावर ती दोन वेगळी माणसं असतात. लग्नाच्या दाखल्यावरचं नवऱ्याचं नाव आणि पासपोर्टावरचं नाव अक्षराला अक्षर लावून बघ. फरक असेल तर दोन्ही नावांची एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र इथे करून घ्यावं लागेल. सासऱ्यांना कामाला लाव.

लग्नाचा दाखला सिव्हिल रजिस्ट्रारचाच हवा. गोव्यात आपण आधी रजिस्ट्रारकडे सह्या करतो, पहिली सही, मग दुसरी सही, आणि मग मांडव. एकाने मला देवळाच्या पावतीची प्रत दाखवून विचारलं होतं, हे चालेल का. पावती अभिषेकाची होती. दाखल्यावर अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा सरकारी शिक्का, करून घे. भारत २००५ पासून त्या शिक्क्याच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, त्यामुळे आयर्लंडला तो शिक्का समजतो.

आता आठ युरो. आयर्लंडमधलं किमान वेतन जानेवारी २०२६ पासून तासाला १४ युरो १५ सेंट आहे. म्हणजे तो भला माणूस दर तासाला तुझे सहा युरो आधीच आपल्या खिशात घालून मग बोलायला आलाय. पगार रोख देणं हा गुन्हा नव्हे. चिठ्ठी न देता, हिशेबात न धरता, कमी दराने देणं हा मामला आहे. तुझ्या नावाने पीआरएसआय भरला जाणार नाही, तो सामाजिक विम्याचा हप्ता, आणि उद्या आजारपण आलं, बाळंतपण आलं, तर त्याच हप्त्यांवर भत्ता मिळतो. नोकरीला लागल्यावर पाच दिवसांच्या आत मुख्य अटी लेखी द्याव्या लागतात, असा तिथला कायदा आहे. त्याला विचार, "लेखी देणार का?" बहुतेक तुला उत्तर द्यावं लागणारच नाही, तोच फोन उचलायचा बंद होईल. नवरा नको म्हणतो ते बरोबर म्हणतो, हे माझ्याकडून त्याला सांग. नवऱ्यांना बरोबर ठरवायचे प्रसंग माझ्याकडे कमी येतात.

मग काम शोधायचं कुठे? इथे मला तुझ्या पत्रातला एक शब्द फार आवडला : पतसंस्था. तू तो असा खालच्या आवाजात लिहिलायस, जणू तिकडे त्याचा काय उपयोग. अगं, आयर्लंडमध्ये गावोगावी क्रेडिट युनियन आहेत. सभासदांची बचत, सभासदांनाच कर्ज, वर्षाच्या शेवटी सभा आणि सभेत भांडण, सगळं आपल्यासारखं. पहिल्या १९५८ साली डब्लिनमध्येच सुरू झाल्या; नोरा हर्लिही नावाच्या एका शिक्षिकेचा त्यात पुढाकार होता. १९६० साली त्यांचा संघही झाला. तुझ्या भागातलीही असेल. आधी सभासद हो, खातं उघड. मग काउंटरवरच्या आणि सभासदसेवेच्या जागांवर नजर ठेव. कर्जाविषयी सल्ला देण्याच्या जागेसाठी तिकडच्या परीक्षा द्याव्या लागतात, त्या नोकरीत असताना देता येतात. सहा वर्षं जामीनदारांच्या सह्या घेतलेली आणि थकबाकीदारांना न रडवता फोन केलेली मुलगी त्यांना काय वाईट आहे? थकबाकी वसुलीला तिकडच्या कंपन्यांत 'क्रेडिट कंट्रोल' म्हणतात. त्या नावानेही जागा शोध.

बायोडाटा नव्याने लिही. फोटो काढ, जन्मतारीख काढ, विवाहित-अविवाहित काढ, वडिलांचं नाव काढ, 'छंद : वाचन' काढ. दोन पानं. आणि नावाच्या खालीच एक ओळ : स्टॅम्प ४ आहे, वेगळ्या वर्क परमिटची गरज नाही. ही ओळ नसली की भारतीय नाव बघून तुझा अर्ज सरळ परमिटवाल्यांच्या ढिगात जातो आणि तिथेच राहतो. पदवीचं तिकडच्या मोजपट्टीत काय होतं, ते क्यूक्यूआय या तिकडच्या सरकारी संस्थेच्या नॅरिक सेवेवर फुकट बघायला मिळतं. ते निवेदन उतरवून सोबत जोड. एजन्सीमार्फत गेलीस तर जा, पण काम मिळवून देण्याचे पैसे तुझ्याकडून घ्यायची एजन्सीला तिथे मनाई आहे. १९७१ पासूनचा कायदा आहे. 'रजिस्ट्रेशन'चे पन्नास युरो मागितले की उठून ये.

नोकरीचं पत्र मिळालं की पीपीएस क्रमांक घे. तो कशासाठी हवा याचं कारण दाखवावं लागतं आणि नोकरीच्या पत्राइतकं सरळ कारण दुसरं नाही. मग रेव्हेन्यूच्या, म्हणजे तिकडच्या करखात्याच्या, मायअकाउंटवर जाऊन ही नोकरी स्वतः नोंदव. हे न केल्यामुळे पहिल्या पगाराला रडलेल्या किती तरी मुली मला ठाऊक आहेत : मालकाकडे पीपीएस क्रमांक नसेल तर पहिल्या दिवसापासून ४० टक्के इमर्जन्सी टॅक्स कापतात, वर यूएससी हा आणखी एक कर वेगळा. नोंदणी केल्यावर जादा कापलेले पैसे परत मिळतात, पण तोपर्यंत भाडं कशाने भरायचं?

चतुर्थीचं मात्र कार्डावर सोड. चालू मुदतीचं आयआरपी कार्ड हातात असेल तर ये, मुदत परतायच्या तारखेच्या बरीच पुढे आहे ना ते बघून तिकीट काढ. कार्ड नसेल तर यंदा माटोळी व्हिडिओवर बघ. अर्ज तिकडे आणि अर्जदार म्हार्दोळला, ही अवस्था मी शत्रूवरही येऊ देणार नाही. एक राहिलं : या काळात नवऱ्याची नोकरी गेली, तर घरात लपवून बसू नका. त्याने लगेच काम शोधणारा म्हणून नाव नोंदवायला हवं, त्याने त्याचा हक्क आणि त्यावर उभा असलेला तुझा हक्क काही काळ शाबूत राहतो.

सासूबाईंना काय सांगायचं ते तुझं तू बघ. मी माझ्या सासूला सांगितलं होतं की मी ऑफिसात आहे. मी कांदे सोलत होते.

प्रश्न : सौ. ताईंस, स. न. वि. वि. मी साखळीचा, निवृत्त शिक्षक. माझी मुलगी संगणक अभियंता असून लग्नापूर्वी पर्वरी येथील एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. जावई अमेरिकेत टेक्सासला एच-१बी व्हिसावर नोकरीस असून मुलगी एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर आहे. जावयांच्या कंपनीने ग्रीन कार्डाचे काम सुरू केले आहे. मुलीची जुनी कंपनी म्हणते, तिथूनच आमचे काम कर, पगार इथल्या खात्यात रुपयांत जमा करू. अमेरिकेचा एक डॉलरही घेत नाही, मग कायद्याची हरकत असू नये, असे मला वाटते. आपले मत कळवावे.
— एक वडील, साखळी

उत्तर : भाऊ, तुमचं तर्कशास्त्र शिक्षकाचं आहे, पण पेपर तपासणारा वेगळा आहे. पैसे कुठल्या खात्यात पडतात यावर तो जात नाही. मुलगी कुठल्या जमिनीवर बसून काम करते, ते तो बघतो. एच-४ वर परवानगीशिवाय नोकरी करता येत नाही आणि 'रुपयांत घेतला' ही पळवाट धरून चालणं धोक्याचं आहे. पुढे ग्रीन कार्डाचा आय-४८५ अर्ज भरताना त्यात सरळ प्रश्न असतो, परवानगी नसताना अमेरिकेत कधी काम केलं का? तिथे तुमच्या मुलीने काय लिहावं? खोटं लिहिलं तर ते कामापेक्षा महाग पडतं.

रस्ता आहे. मे २०१५ पासून काही एच-४ जोडीदारांना कामाची परवानगी मिळते, तिला ईएडी म्हणतात, आणि अर्ज आय-७६५. अट अशी की जावयांचा आय-१४०, म्हणजे कंपनीने त्यांच्या ग्रीन कार्डासाठी भरलेला अर्ज, मंजूर झालेला हवा, किंवा एच-१बीच्या सहा वर्षांच्या पुढे त्यांना मुदतवाढ मिळालेली हवी. तेव्हा 'काम सुरू केले आहे' याचा नेमका अर्थ जावयांना विचारा : लेबर सर्टिफिकेशन (त्याआधीची कामगार खात्याची मंजुरी) चाललंय, आय-१४० भरलाय, की मंजूर झालाय? या तिघांत वर्षावर्षांचं अंतर असतं. आय-१४० मंजूर झाला की ग्रीन कार्ड उद्या येतं असं मात्र नाही. दरवर्षीच्या ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा आहे, आणि भारताची रांग तुमच्या साखळीच्या बाजारापासून थेट वाळपईपर्यंत गेलेली आहे. म्हणून तर ईएडी महत्त्वाची.

ती मिळाल्यावर नूतनीकरणाकडे लक्ष ठेवायला सांगा. पूर्वी अर्ज वेळेत केला की जुनी परवानगी आपोआप पुढे चालायची. ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या अर्जांना ती सोय राहिलेली नाही. मुदत संपली आणि नवं कार्ड आलं नाही, तर त्या दिवसापासून घरी बसायचं. १८० दिवस आधी अर्ज करता येतो. १८०व्या दिवशीच करावा.

तोवर एच-४ वर शिकता येतं, पूर्ण वेळ, वेगळ्या व्हिसाशिवाय. कम्युनिटी कॉलेजात एखादा अभ्यासक्रम केला तर वर्षही रिकामं दिसत नाही. धर्मादाय संस्थेत बिनपगारी काम करता येतं, फक्त ती जागा मुळातच बिनपगारी असली पाहिजे. एरवी पगारी असलेली जागा फुकट केली तर ती सेवा धरत नाहीत. आणि भाऊ, तुम्ही 'मुलगी रिकामी बसली आहे' असं पत्रात दोनदा लिहिलंत, ते मी इथे छापलं नाही. फोनवर तिला ते म्हणू नका.

प्रश्न : ताई, मी पेडण्याची. मोपाच्या विमानतळावर ग्राउंड स्टाफमध्ये आहे. माझं लग्न दिवाळीनंतर ठरलंय. मुलगा पोर्तुगीज पासपोर्टवाला, २०१६ पासून स्विंडनला, त्याला सेटल्ड स्टेटस, म्हणजे तिथे कायम राहायची परवानगी, मिळालंय. आमची ओळख गेल्याच वर्षी झाली. म्हापशाचा एक एजंट म्हणतो, टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर बायकोच्या व्हिसात बदलून देतो, गोदामात काम तयार आहे. साठ हजार आगाऊ दिले. तो म्हणतो राजीनामा देऊन टाक. देऊ का?
— र., पेडणे

उत्तर : राजीनामा देऊ नको.

मी ज्या वाटेने स्विंडनला गेले ती वाट आता नाही. कोणी आतेबहीण, कोणी शेजारीण सांगेल, "मी अशीच गेले, काही झालं नाही." खरं सांगत असेल, पण ब्रिटन संघाबाहेर पडलं आणि ती गेली तेव्हाचा कायदा ३१ डिसेंबर २०२० च्या रात्री संपला. त्या तारखेच्या आधीचं नातं असतं तर युरोपीय नागरिकांसाठीच्या सेटलमेंट स्कीममधून अजूनही काही करता आलं असतं. तुमची ओळख गेल्या वर्षीची. त्यामुळे तुझ्या नवऱ्याचा पासपोर्ट पोर्तुगीज असला तरी तुझा अर्ज हा कोणत्याही स्थायिक माणसाच्या बायकोचा अर्ज, आणि त्याचे नियम वेगळे आहेत.

तो अर्ज इथूनच करायचा असतो. व्हिजिटर म्हणून गेलेल्याला तिथे राहून बायकोच्या व्हिसात बदल करता येत नाही, काम तर नाहीच. एजंटाचं 'तिथे बदलून देतो' हे वाक्यच खोटं आहे, पुढचं काही तपासायची गरज नाही. गोदामाचं म्हणशील तर फेब्रुवारी २०२४ पासून बेकायदा कामाला ठेवलेल्या प्रत्येक माणसामागे मालकाला पहिल्या वेळी ४५,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. असा दंड पत्करून तुला ठेवणारा मालक तुला कसा वागवेल ते वर कांद्यांच्या गोष्टीत वाच.

खरा हिशेब असा. नवऱ्याचं उत्पन्न वर्षाला २९,००० पौंड तरी हवं. एप्रिल २०२४ पासूनचा हा आकडा. तू अजून इथे असताना तुझा मोपाचा पगार त्यात धरत नाहीत. तेव्हा लग्नाची तारीख काढण्याआधी त्याच्या पगारचिठ्ठ्या माग. लाजू नको, त्या तशाही अर्जाला जोडायच्याच आहेत. २०२५ मध्ये अर्जाची फी १,९३८ पौंड होती आणि आरोग्य अधिभार ३,१०५, म्हणजे लाखांत बोलायचं. इंग्रजीची ए-१ पातळीची परीक्षा, मान्य दवाखान्यातली क्षयाची तपासणी, आणि सिव्हिल रजिस्ट्रारचा दाखला, म्हणजे दोन्ही सह्या झालेल्या हव्यात. एवढं झालं की व्हिसा ३३ महिन्यांचा मिळतो आणि तो ज्या दिवशी लागू होतो त्या दिवसापासून तुला कुठेही, कोणतंही काम करता येतं. गोदामातच कशाला? विमानतळाचा अनुभव आहे तुझ्याकडे, हीथ्रो स्विंडनहून काही फार लांब नाही. कागदही आता छापील नसतो. ई-व्हिसा असतो, त्यातून शेअर कोड काढून मालकाला द्यायचा.

मधले महिने मोपालाच काढ. ड्यूटीवर जा, पगार साठव, इंग्रजीची परीक्षा आत्ताच देऊन टाक. आणि साठ हजार उद्याच मागायला जा. एकटी जाऊ नको, भावाला घेऊन जा. पावती नसेल तर त्याच्याशी झालेलं व्हॉट्सॲपवरचं सगळं बोलणं आधी दुसऱ्या फोनवर पाठवून ठेव. आपण दारात दिसलो की हे लोक पुसायला बसतात.